जखमी शत्रूचे ऋण

अभ्यासाचा पाठ : २ राजे ६ : ८–२३. सोबत वाचावे : नीतिसूत्रे २५ : २१, लूक १० : २५–३७, रोम १२ : २०.

काष्टी व आसपासच्या गावांतील पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी तरुण सैन्यात आहे किंवा पूर्वी होता. दौंडाहून नगराकडे जाणाऱ्या वाटेवर राहणाऱ्या लोकांस लष्कराची गाडी नवीन नाही. ज्या मातेचा मुलगा सीमेवर आहे, तिला शत्रूवर प्रीती करण्याचा उपदेश ऐकविणे सोपे नसते. ती विचारील, “माझ्या लेकरावर जो गोळी झाडतो, त्याची मी कीव करू काय?” हा प्रश्न खरा आहे, आणि त्यास गोड शब्दांनी झाकून टाकणे योग्य नव्हे. म्हणून या पाठात आम्ही शास्त्रातील एक हकीकत, आमच्याच तालुक्याशी संबंध असलेली इतिहासातील एक हकीकत, आणि आमच्या काळातील काही हकीकती एकत्र ठेवून या प्रश्नाचा विचार करू.

१. पाठातील हकीकत

अरामाचा राजा इस्राएलाशी लढत होता. त्याचे गुप्त बेत अलीशा संदेष्टा इस्राएलाच्या राजास कळवीत असे. म्हणून अरामाच्या राजाने रात्रीच्या वेळी घोडे, रथ व मोठे सैन्य पाठवून दोथान नगरास वेढा घातला. पुढे ते सैनिक दृष्टिहीन झाले, आणि अलीशाने त्यांस थेट शोमरोनात, म्हणजे त्यांच्या शत्रूच्या राजधानीत, आणून उभे केले. त्यांचे डोळे उघडले तेव्हा ते चारी बाजूंनी वेढलेले होते.

येथे वाचकांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, इस्राएलाच्या राजाने त्यांस मारण्याची परवानगी विचारली आणि ती दोनदा विचारली; यावरून त्याच्या हाताची घाई दिसते. दुसरी ही की, अलीशाने नुसते “मारू नको” एवढे सांगितले नाही. त्यांच्यापुढे अन्नपाणी ठेवण्यास त्याने सांगितले, आणि राजाने त्यांस मोठी मेजवानी देऊन आपल्या धन्याकडे परत पाठविले. दया म्हणजे केवळ हात आवरणे नव्हे. हात आवरून मग तोच हात वाढण्यासाठी पुढे करणे होय.

त्या टोळ्या पुन्हा इस्राएल देशात आल्या नाहीत, असे तेविसाव्या ओवीत आहे. परंतु उपदेशकांनी येथेच पुस्तक मिटू नये. चोविसावी ओवी सांगते की, काही काळाने अरामाचा राजा बेन-हदाद आपले सर्व सैन्य घेऊन शोमरोनास वेढा घालण्यास आला. तर ती मेजवानी व्यर्थ गेली काय? आम्हांस तसे वाटत नाही. मेजवानी दिली ती कायमच्या तहाची किंमत म्हणून नव्हे. बंदिवान झालेला मनुष्य भुकेला होता, म्हणून त्यास अन्न दिले. जो दया करून तिचा मोबदला मागत बसतो तो व्यापार करतो. आणि मोबदला मिळाला नाही म्हणजे त्याची दया आटते.

२. पानिपतावर काय झाले

आता आमच्या इतिहासाकडे वळू. श्रीगोंदे गाव काष्टीपासून दूर नाही. तेथे शिंदे घराण्याचा वाडा आहे, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. या एका घराण्याच्या हकीकतीत शत्रूविषयीची क्रूरता व दया या दोन्ही गोष्टी इतक्या जवळजवळ दिसतात की, आमच्या विषयास याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

१० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ यमुनेच्या काठी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे जखमी होऊन पडले. पडलेल्या वीरास कुतुबशहाने टोचून विचारले व त्याचे मस्तक कापले, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाने शाळेत ऐकलेली आहे. दत्ताजींचे निर्भय उत्तर आम्ही अभिमानाने सांगतो. परंतु त्या उत्तराच्या तेजामुळे दुसरी एक गोष्ट आमच्या नजरेआड होते. जो मनुष्य लढू शकत नव्हता, ज्याच्यापासून कोणतेही भय उरले नव्हते, त्यास त्या क्षणी मारणे हे युद्धही नव्हते.

पुढे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा मोड झाला. दुसऱ्या दिवशी हजारो कैदी कापले गेले. स्त्रिया व मुले गुलाम म्हणून नेली गेली. जनकोजी शिंदे जखमी स्थितीत कैद झाले होते. खंड भरून त्यांस सोडविण्याची खटपट चालली असता ती उघडकीस आली आणि त्यांस गुप्तपणे मारण्यात आले. इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने शेवटपर्यंत लढला होता. तो जखमी होऊन हाती लागल्यावर त्याचाही असाच अंत झाला.

परंतु त्याच छावणीत अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला होता. तो अब्दालीच्या बाजूने लढला होता. म्हणजे मराठ्यांचा तो शत्रूच. त्याच्या चाकरीत काशीराज पंडित नावाचा दक्षिणी ब्राह्मण होता, ज्याने या युद्धाची हकीकत पुढे फारसीत लिहून ठेविली. तसेच अनुपगीर गोसावी हा त्याचा सरदार होता. विश्वासरावाचा देह अब्दालीच्या छावणीत आणला गेला, तेव्हा तो पाहण्यास सैनिकांची गर्दी जमली, आणि काहींच्या मनात त्याची विटंबना करावी असे आले. शुजाने मध्ये पडून रदबदली केली. वैर हे जिवंत मनुष्याशी असते, मेलेल्याशी नव्हे, अशा अर्थाचे त्याचे म्हणणे होते. शेवटी विश्वासराव व सदाशिवरावभाऊ यांच्या देहांस हिंदू रीतीप्रमाणे अग्नी देण्यात आला. शत्रूच्या गोटातील माणसांनीच रणभूमीवर प्रेतांच्या राशींतून भाऊंचा देह शोधून काढला होता. शिवाय हजारो पळालेल्या व निराश्रित मराठ्यांस शुजाच्या गोटात आसरा मिळाला.

शुजाची दया पूर्ण होती असे आम्ही म्हणत नाही. इब्राहिमखान प्रथम त्याच्याच आश्रयास होता. परंतु अब्दालीने दडपण आणताच शुजाने त्यास स्वाधीन केले. मनुष्याची दया पुष्कळदा भयाच्या कुंपणापर्यंत जाऊन थांबते. तरी जेवढी ती चालली तेवढी खरी होती, आणि ज्यांच्या वाट्यास ती आली त्यांच्या घरी ती लहान वाटली नसेल.

सूरजमल जाटाचे नावही येथे घेतले पाहिजे. तो शत्रू नव्हता. पण भाऊसाहेबांशी न पटल्यामुळे छावणी सोडून गेलेला, दुखावलेला मित्र होता. उपाशी, उघडे व जखमी मराठे त्याच्या मुलखात आले, तेव्हा तो जुना अपमान काढून बसला नाही. त्याने त्यांस अन्न, वस्त्र व औषधपाणी दिले. बाजीरावाचा पुत्र समशेर बहादूर जखमी होऊन त्याच्याच मुलखात मरण पावला. दुखावलेल्या मित्रास क्षमा करणे शत्रूस क्षमा करण्याहून कधी कधी कठीण असते, हे ज्यांच्या घरी भाऊबंदकी आहे त्यांस सांगावयास नको.

३. पखालीवाला आणि सरदार

याच रणातून महादजी शिंदे पळत असता एका अफगाण स्वाराने त्यांचा पाठलाग केला. महादजींची घोडी उत्तम होती, पण ती अखेर थकून पडली. स्वाराने त्यांच्या पायावर घाव घातला, अंगावरील जिन्नस काढून घेतले आणि त्यांस तसेच टाकून तो निघून गेला. तेव्हा राणेखान नावाच्या एका मुसलमान भिस्त्याने त्यांस पाहिले. पखालीने पाणी वाहणारा तो गरीब मनुष्य. त्याने त्यांस उचलून बैलावर घातले व सुरक्षित स्थळी नेले.

राणेखान शत्रुपक्षाचा नव्हता. तो मराठ्यांच्याच लष्कराबरोबरचा होता. परंतु विचार करा : विजयी झालेल्यांचा व त्याचा धर्म एकच होता. पराभवाच्या त्या दिवशी जखमी मराठा सरदारास बैलावर घालून नेणे म्हणजे आपल्या जिवावर संकट ओढवून घेणे होते. एकटा निघून गेला असता तर त्यास कोणी अडविले नसते. लूककृत शुभवर्तमानातील शोमरोनी मनुष्यानेही जखमी वाटसरूस आपल्या जनावरावर बसविले होते. पानिपताचा पखालीवाला ती गोष्ट जाणत होता की नाही, हे महत्त्वाचे नाही. त्याने ती केली.

महादजी जन्मभर लंगडत राहिले. पुढे कित्येक वर्षांनी, हिंदुस्थानातील सर्वांत बलाढ्य सरदार झाल्यावरही, तो अफगाण स्वार आपल्या धिप्पाड घोड्यावरून मागे येत आहे असे त्यांस झोपेत दिसत असे, असे इंग्रज लेखकांनी लिहून ठेविले आहे. एवढ्या मोठ्या मनुष्यालाही ते भय सोडीत नव्हते. परंतु राणेखानासही ते विसरले नाहीत. त्यास ते भाऊ म्हणत. तो राणेखान भाई या नावाने सरदार झाला, आणि १७८८ साली उत्तरेत शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व त्याने केले. घाव घालणारा एक व उचलणारा एक, असे दोन परके महादजींच्या आयुष्यात त्याच दिवशी आले. एकाचे नाव कोणास ठाऊक नाही. दुसऱ्याचे नाव इतिहासात राहिले.

येथेच हकीकत संपविली असती तर ती अधिक गोड झाली असती. परंतु ते सत्य झाले नसते. १७७२ साली मराठी फौजा रोहिलखंडात शिरल्या, तेव्हा पानिपताचा सूड म्हणून त्यांनी नजीबखानाची कबर फोडली. जे शुजाने मराठ्यांच्या मृतांसाठी केले होते, ते मराठ्यांनी आपल्या शत्रूच्या मृतासाठी केले नाही. आणि पुढे नजीबाचा नातू गुलाम कादर याने दिल्लीच्या बादशहाचे डोळे काढले, तेव्हा त्यास पकडून हालहाल करून मारण्यात आले. एका पिढीचा घाव दुसऱ्या पिढीने फेडला व तिसरीने पुन्हा उकरला. दया न केल्याचे व्याज असे वाढत जाते. गावातील सावकाराचे कर्ज फिटेल, पण हे कर्ज फिटत नाही. कारण प्रत्येकास वाटते की आपणच धनको आहोत.

४. ही फितुरी नव्हे काय?

कोणी म्हणेल, “शत्रूवर दया करणारा शिपाई आपल्या पक्षाशी बेइमान होत नाही काय?” याचे उत्तर स्पष्ट द्यावे. हातात शस्त्र घेऊन समोर उभा असलेला शत्रू व शस्त्र गळून पडलेला शत्रू यांत भेद आहे. पहिल्यास अडविणे हे शिपायाचे काम. दुसऱ्यास पाणी देणे हे मनुष्याचे काम. अलीशाने अरामी सैन्याची वाट मोकळी करून दिली नाही. आधी त्याने त्यांस निरुपद्रवी केले, मग अन्न दिले. ज्या शिपायाने शूरपणे लढून मग जखमी शत्रूस पाणी पाजले, त्याने आपली निमकहलाली मुळीच सोडली नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली अफजलखान मारला गेला. त्याची कबर तेथेच बांधली गेली व ती आजही आहे. शिवाजी महाराजांच्या शौर्यास त्या कबरीने उणेपणा आला असे कोणी म्हणत नाही.

५. नगराहून गेलेला तरुण

आता आमच्या काळातील एक हकीकत. नगर येथे रणगाडा दलाचे शिक्षणकेंद्र आहे. १९७१ साली तेथे एक तरुण अधिकारी शिकत होता : सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. त्याचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यास झाला होता, आणि ज्या पूना हॉर्स पलटणीत तो दाखल झाला होता तिचे नावही पुण्याचेच. युद्धाची चिन्हे दिसताच त्यास शिक्षण सोडून आघाडीवर जाण्याचा हुकूम झाला. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीच्या लढाईत त्याने शत्रूचे अनेक रणगाडे निकामी केले. स्वतःचा रणगाडा पेटला असता तो सोडून येण्याचा हुकूम झाला. तोफ अजून चालते आहे असे सांगून तो तेथेच राहिला व पडला. त्याचे वय २१ वर्षांचे होते. मरणोत्तर त्यास परमवीर चक्र मिळाले.

तीस वर्षे लोटली. २००१ साली अरुणचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, वयाच्या ८१व्या वर्षी आपली जन्मभूमी सरगोधा पाहण्यास पाकिस्तानात गेले. लाहोरास ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांनी त्यांस आपल्या घरी उतरविले व त्यांचा फार आदर केला. मुक्कामाच्या अखेरीस यजमानाने पाहुण्यास सांगितले की, त्या लढाईत समोरच्या बाजूस आपण होतो आणि आपल्याच हातून अरुण पडला. त्याने ते अभिमानाने सांगितले नाही. मनावरील ओझे उतरवावे तसे सांगितले. अरुणच्या शौर्याची त्याने मनापासून स्तुती केली, आणि पुढे त्या भेटीचे छायाचित्र पाठविताना तीच स्तुती लिहूनही दिली.

प्रिय वाचकहो, त्या रात्री त्या वृद्ध पित्याच्या मनात काय आले असेल, हे आम्ही कसे सांगावे? आपण ज्याचे अन्न खाल्ले, ज्याच्या छपराखाली निजलो, तोच आपल्या लेकराचा मारणारा! आणि यजमानाकडेही पाहा. गप्प राहिला असता तर त्यास कोण विचारणार होते? पाहुणा आभार मानून परत गेला असता. परंतु सत्य लपवून केलेले आदरातिथ्य त्यास पुरेसे वाटले नाही. दोन्ही देशांचे वैर त्या खोलीत मिटले नाही. पण दोन वृद्ध सैनिकांत त्यास थारा मिळाला नाही.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. १९९९ साली कारगिलच्या डोंगरांवर पडलेल्या पाकिस्तानी सैनिकांपैकी कित्येकांची प्रेते त्यांच्या सरकारने स्वीकारली नाहीत. तेव्हा भारतीय सैनिकांनी त्यांस मुसलमानी रीतीप्रमाणे पुरले. ज्यांचे सोबती त्याच डोंगरावर मारले गेले होते, त्यांनीच शत्रूसाठी खड्डे खणले. पानिपतावर शुजाने जे मागितले तेच येथे न मागता मिळाले.

६. दयेस व्यवस्था पाहिजे

मनातील दया वाऱ्याप्रमाणे येते व जाते. तिला घर बांधून द्यावे लागते. २४ जून १८५९ रोजी इटलीत सोल्फेरिनो येथे मोठी लढाई झाली. हेन्री ड्युनांट नावाचा स्वित्झर्लंडचा एक गृहस्थ आपल्या व्यापाराच्या कामासाठी तेथे आला होता. जवळच्या कास्तिल्योने गावात हजारो जखमी आणून टाकलेले त्याने पाहिले. त्या गावच्या बायाबापड्यांनी कोण कोणत्या पक्षाचा हे न पाहता सर्वांस पाणी दिले व जखमा धुतल्या. सारे भाऊच आहेत, असे त्या म्हणत. ड्युनांटने १८६२ साली याविषयी पुस्तक लिहिले. त्यातून १८६३ साली रेडक्रॉसचा आरंभ झाला, आणि १८६४ साली जिनीव्हात राष्ट्रांचा पहिला करार झाला. १९०१ साली शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक ज्या दोघांस मिळाले, त्यांपैकी एक ड्युनांट होता.

१९४९ साली हे करार नव्याने करण्यात आले व भारतानेही ते स्वीकारले. त्यांतील एक नियम प्रत्येकाने पाठ करण्याजोगा आहे : जखमींस औषधोपचार करताना आपला व परका हा भेद करावयाचा नाही, ज्याची जखम अधिक कठीण त्याची पाळी आधी. १९७१ च्या युद्धानंतर सुमारे ९३,००० कैदी भारताच्या हाती आले. त्यांस या करारांप्रमाणे ठेवून १९७४ पर्यंत परत पाठविण्यात आले. पानिपतानंतरच्या सकाळची ज्यास आठवण आहे, त्यास हा फरक लहान वाटणार नाही. एका गावच्या स्त्रियांनी घागर उचलली, आणि त्या घागरीतून राष्ट्रांचा कायदा निघाला.

७. आपल्या गावी

आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांवर रणभूमीवर जाण्याचा प्रसंग येईल. परंतु बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून, पाटाच्या पाण्यावरून, सोयरिकीवरून दोन घरे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, असे गाव कोठे नाही? शत्रूच्या घरी मयत झाली असता कोणी जात नाही. त्याचा बैल बाजाराच्या वाटेवर गाडीखाली अडकला तर पाहणारा तोंड फिरवून पुढे जातो. मुलांस “त्यांच्या आळीला जायचे नाही” असे शिकविले जाते. आणि ज्या भांडणाचे कारण बापास नीट आठवत नाही, ते भांडण मुलगा वारसा म्हणून घेतो. आमच्यापुढे तोफा नाहीत, तरी नजीबाची कबर फोडणारा हात आमच्याही घरात आहे.

म्हणून आम्ही मंडळ्यांस चार साध्या गोष्टी सुचवितो. शत्रूच्या घरी मृत्यू झाला असता त्याच्या दारी जावे; मेलेल्याशी वैर नसते. त्याच्या घरी दुखणे असता पाणी, दूध व गाडी नाकारू नये. पंचांपुढे किंवा कचेरीत त्याच्याविरुद्ध साक्ष देण्याची वेळ आली तर जेवढे खरे तेवढेच बोलावे. आणि आपल्या भांडणाचा वारसा मुलांच्या गळ्यात घालू नये. यांतील एकाही गोष्टीसाठी बांधावरील हक्क सोडावा लागत नाही. केवळ हट्ट सोडावा लागतो, आणि तोच फार जड असतो.

आरंभी ज्या मातेचा प्रश्न आम्ही मांडला, तिला आम्ही काय सांगावे? हे सांगावे : तुझ्या मुलाने आपले काम चोख करावे यासाठी प्रार्थना कर. परंतु एवढेही माग की, तो जखमी होऊन परक्याच्या हाती पडलाच, तर त्या परक्याच्या मनात राणेखान जागा व्हावा. आणि हे मागताना विसरू नको की, पलीकडेही एक माता आहे. तिचे लेकरू तुझ्या लेकरापुढे पडले असता, ती हेच मागत असेल.

विचारासाठी प्रश्न

१. इस्राएलाच्या राजाने बंदिवानांस मारण्याविषयी दोनदा का विचारले असेल? आपण कोणत्या प्रसंगी अशी घाई करतो?

२. चोविसाव्या ओवीत पुन्हा युद्ध झाल्याचे वाचून मेजवानी व्यर्थ गेली असे म्हणता येईल काय? कारण सांगा.

३. शुजाउद्दौला, सूरजमल व राणेखान या तिघांनी जे केले त्यांत भेद काय? कोणाचे काम सर्वांत कठीण होते?

४. ब्रिगेडियर नासर यांनी खरे सांगितले हे बरे केले काय? सत्य न सांगता केलेली दया पुरी होते काय?

५. आपल्या मंडळीत अथवा गावात ज्या घराशी बोलणे बंद आहे, त्या घरी या आठवड्यात कोणते एक काम करता येईल? उत्तर मोठ्याने सांगू नये, करून पाहावे.